जुळणे आणि जुळवणे

मराठीत एकाच धातूची दोन रूपे पुष्कळदा दोन निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांगतात. पत्रिका ‘जुळली’ म्हटले की कर्तृत्व ग्रहांचे. ‘जुळवली’ म्हटले की ते गुरुजींचे. आपल्या वडीलधाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता, आणि सोयीच्या वेळी तो कसा विसरावा हेही ठाऊक होते. या अंकासाठी आम्ही विचारात घेतलेला प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक, रात्ररात्र संगणकासमोर बसणाऱ्या तरुण मंडळींचा वाटेल. चित्रपटाचे संकलन करताना, निरनिराळ्या यंत्रांवर टिपलेले आणि एकमेकांत मिसळून गेलेले चित्र व ध्वनी एकमेकांशी कसे जुळवावेत, हा तो प्रश्न. परंतु त्याच्या मुळाशी जुळणे आणि जुळवणे यांच्यातला हाच जुना झगडा आहे, आणि त्यात साक्ष, विश्वास, क्वचित एखाद्याची अब्रूही गुंतलेली असते.

उदाहरण म्हणून आपल्या शेजारचे गौतमपुरा घेऊ. देपालपूर तहसिलीतले हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले आहे, तेव्हा आपल्या घराण्यांना ते परके नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे हिंगोट युद्ध होते. एका बाजूस गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’, दुसऱ्या बाजूस रुणजी गावाची ‘कलंगी’. (आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचा वाद सवाल-जवाबांत चाले, माळव्यात त्याच नावांनी आग खेळते, ही नवलाची गोष्ट आहे.) हिंगोट म्हणजे महाराष्ट्रातले हिंगणबेट. त्याचे कवचीचे फळ पोखरून वाळवतात, आत दारू ठासतात, तोंड मातीने बंद करतात, नेम राहावा म्हणून बांबूची बारीक कामटी बांधतात, आणि पेटवून ते समोरच्या दळावर सोडतात. दरवर्षी माणसे भाजतात. २०१७ साली एका तरुणाचा यात मृत्यूही झाला आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेला. ही प्रथा चालावी की थांबावी, हा आजचा आमचा विषय नव्हे. आमचा विषय त्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या, हातात फोन धरलेल्या शेकडो माणसांचा आहे.

समजा, काही तरुण मंडळींनी यावर माहितीपट करावयाचे ठरविले. एक कॅमेरा, चार फोन, आणि ध्वनी चांगला यावा म्हणून वेगळा रेकॉर्डर एवढी सामग्री त्यांच्यापाशी आहे. रात्री घरी येऊन सगळे काही एकाच फोल्डरमध्ये ओतले जाते. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच पूर्ण उतरल्यामुळे त्याचे घड्याळ कुठल्याशा जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जाऊन बसलेले असते. दोन कार्डांवर एकाच क्रमांकाच्या फायली निघतात. रेकॉर्डरने दोन तासांची एकच सलग फाईल केलेली असते, तर फोनवाल्यांनी मनास येईल तेव्हा चालू आणि मनास येईल तेव्हा बंद, असे सत्तर-ऐंशी तुकडे केलेले असतात. शिवाय दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभराच्या सलग मुद्रणात काही फ्रेमांचा फरक पडतो, म्हणजे आरंभी ओठांवर अचूक बसलेला शब्द अखेरीस ओठांच्या मागे रेंगाळू लागतो.

जुन्या स्टुडिओंनी या रोगावर फार साधे औषध शोधले होते. दृश्याचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरावयाची, तो क्रमांक मोठ्याने म्हणावयाचा, आणि पाटीवरची फळी खाडकन् आपटावयाची. फळी जेथे टेकते ती फ्रेम आणि फितीवर जेथे तो ‘खट्’ उमटतो ती जागा एकमेकांसमोर आणली की पुढचे सारे आपोआप जुळते. आम्हांस ही पाटी नेहमीच न्यायालयातील शपथेसारखी वाटत आली आहे. डोळ्यांना आणि कानांना एकाच क्षणी पटेल अशी एक गोष्ट मुद्दाम घडवून आणावयाची, म्हणजे पुढच्या सगळ्या बोलण्याला तिचा आधार मिळतो.

मैदानातल्या धामधुमीत पाटी कोण धरणार? मग संकलक आयत्या मिळालेल्या पाट्या शोधतो. एखादा फटाका, देवळातली घंटा, बंद होणारे दार. आता तर हे कामही संगणक करतो. कॅमेऱ्याच्या आणि फोनच्या स्वतःच्या साध्या मायक्रोफोनने जो ओबडधोबड ध्वनी टिपलेला असतो, त्याचा आलेख तो रेकॉर्डरच्या आलेखाशेजारी सरकवून पाहतो, आणि सर्वांत अधिक साम्य जेथे दिसेल तेथे दोन्ही फायली चिकटवून टाकतो. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. परंतु ढोलाच्या एकसारख्या ठेक्यात, किंवा एकामागून एक सुटणाऱ्या शेकडो हिंगोटांच्या आवाजात, त्याला एक ठेका सोडून दुसरा पकडावयास वेळ लागत नाही. आणि चुकतानाही तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो.

येथवर झाली ती अडचण. तत्त्वाचा प्रश्न यापुढे आहे. कार्तिकातल्या सायंकाळी हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो. मैदानाच्या कडेला, १७० मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला हिंगोट फुटल्याचा उजेड आधी दिसतो आणि आवाज अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. चित्रपटाच्या मापाने हे अंतर १२ फ्रेमांचे झाले. त्याच्या फोनने हे अंतर प्रामाणिकपणे टिपले. संगणकाने फोनचा आवाज रेकॉर्डरच्या आवाजाशी जोडला तेव्हाही ते तसेच राहिले. आणि नेमके हे खरे चित्रण पडद्यावर चुकलेले वाटते! उजेड आणि आवाज एकत्र नाहीत म्हणून प्रेक्षक कुरकुरतो, आणि संकलक हाताने ध्वनी अर्धा सेकंद अलीकडे ओढून घेतो. आता डोळे मैदानाच्या कडेला आणि कान मैदानाच्या मध्यभागी, असा एक प्रेक्षक तयार झाला. असा माणूस त्या सायंकाळी गौतमपुऱ्यात कोठेही उभा नव्हता. जे जुळलेले होते ते मोडून, जे जुळल्यासारखे वाटेल ते जुळविण्यात आले. यास असत्य म्हणावे काय?

गाव गौतमाबाईंचे असले तरी नावामुळे आम्हांस दुसऱ्या गौतमाची, न्यायसूत्रकार अक्षपाद गौतमाची आठवण होते, आणि ती अगदीच अस्थानी नाही. न्यायदर्शनात मनाच्या अस्तित्वाचे गमक म्हणून हे सांगितले आहे की, अनेक इंद्रियांचा अनेक विषयांशी संबंध असतानाही ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. मन अणुरूप आहे; ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. म्हणजे नैयायिकांच्या मते ‘पाहिले आणि त्याच क्षणी ऐकले’ असे वस्तुतः कधी घडतच नाही. मन इतक्या त्वरेने एकीकडून दुसरीकडे जाते की आपणांस दोन्ही एकत्र झाल्यासारखी भासतात. शब्दाविषयी तर त्यांचे म्हणणे आणखी चमत्कारिक आहे. पाण्यात लाटेतून लाट उठावी तसा पहिल्या शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा उत्पन्न होत होत जो शेवटचा शब्द कानापर्यंत येतो, तोच आपण ऐकतो. पहिला शब्द त्याच्या जागीच विरून गेलेला असतो. उलट डोळ्याचा किरण स्वतः वस्तूपर्यंत जातो. आजचे पदार्थविज्ञान डोळ्याविषयीची ही कल्पना मान्य करणार नाही. पण डोळा झेप घेतो आणि कान वाट पाहत बसतो, या वर्णनाला हिंगोटाच्या मैदानावर उभा राहिलेला कोणीही मान डोलावील. संकलकाचे टेबल म्हणजे बाहेर काढून ठेवलेले मनच होय. फरक इतकाच की मन हे काम आपल्या नकळत करते आणि संकलक ते समजून उमजून करतो. म्हणूनच त्याला जाब विचारता येतो.

हे मन किती भोळे आहे, याचे दाखले प्रयोगशाळांनीही दिले आहेत. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी ‘ग’ म्हणणाऱ्या ओठांच्या चित्रावर ‘ब’चा ध्वनी बसविला, तर बहुसंख्य प्रौढांना ‘द’ ऐकू आला. जे चित्रात नव्हते आणि ध्वनीतही नव्हते, ते अक्षर ऐकणाऱ्याच्या मनात जन्मास आले. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय मोजमापात असे दिसले की ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाला ते कळू लागते, पण मागे पडला तर सुमारे १२५ सहस्रांशांपर्यंत त्याची तक्रार नसते. सृष्टीत ध्वनी नेहमी उशिराच येतो, आणि त्याला क्षमा करण्याची सवय आपल्या कानांना जन्मभराची असते. यावरून आम्ही एवढेच म्हणतो की ‘किती छान बसले!’ ही भावना म्हणजे पुरावा नव्हे. डोळे आणि कान भांडू इच्छित नाहीत. थोडे निमित्त मिळाले की ते आपापसांत तडजोड करून मोकळे होतात.

या तडजोडीची किंमत किती मोठी असू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण परदेशातले आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा अब्राहम झाप्रुडर नावाच्या एका प्रेक्षकाच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यात ती सुमारे सव्वीस सेकंदांत टिपली गेली. चित्र होते, आवाज नव्हता. दुसरीकडे पोलिसांच्या बिनतारी संदेशांचे ध्वनिमुद्रण होते. एका पोलिसाच्या मोटारसायकलवरील मायक्रोफोन अडकून चालूच राहिला असावा असे मानले गेले. आवाज होता, चित्र नव्हते. अशा दोन अर्ध्या साक्षीदारांची गाठ घालण्याचा मोह कोणास होणार नाही? अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने तज्ज्ञांकरवी त्या मुद्रणातील ठोके तपासले, चार गोळ्या मोजल्या, त्यांतली तिसरी दुसऱ्याच ठिकाणाहून आली असल्याची संभाव्यता ९५ टक्के किंवा अधिक आहे हे ऐकून घेतले, आणि १९७९च्या अहवालात बहुधा कट होता असा निष्कर्ष काढला.

पुढची गोष्ट आम्हांस फार बोधक वाटते. त्या मुद्रणाची एक तबकडी एका मासिकासोबत वाचकांना मिळाली होती. ओहायो राज्यातला एक ड्रम वाजविणारा तरुण ती पुनःपुन्हा ऐकत बसला. गोळ्या म्हणून दाखविलेल्या ठोक्यांच्या जागीच, अगदी अस्पष्ट, दुसऱ्या वाहिनीवरचे काही शब्द त्याच्या कानांवर आले. ते शब्द एका अधिकाऱ्याने हत्येनंतर उच्चारलेले होते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९८२ साली हेच प्रमाण धरून सांगितले की ते ठोके हत्येनंतर सुमारे एका मिनिटाने मुद्रित झालेले आहेत. त्यांचा गोळ्यांशी संबंध लागत नाही. त्यावर पुढेही वाद झाले. पण एक गोष्ट उघड आहे. अंकगणित करणारे विद्वान होते, हेतू शुद्ध होता, यंत्रे उत्तम होती. आणि तरीही एका मिनिटाच्या चुकीच्या गाठीतून एका अज्ञात मारेकऱ्याचा जन्म झाला. तो मिटविण्यास तालाचा कान असलेला, आणि आधीच काही सिद्ध करावयाचे नसलेला, एक तरुण लागला.

मग कथापटांचे काय, असे कोणी विचारील. तेथे तर सारेच जुळवलेले. आपल्या बोलपटांचा आरंभ मात्र तसा नव्हता. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा मराठीसाठी एकदा आणि हिंदीसाठी पुन्हा एकदा असे चित्रण केले. ओठ आणि शब्द यांची फारकत करण्याची सोय अजून हाती आलेली नव्हती. त्याच सुमारास दादासाहेब फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून पुरा झाला, आणि बोलपटांच्या लाटेमुळे मागाहून त्यावर ध्वनी चढवावा लागला. पुढे पार्श्वगायन आले, डबिंग आले, आणि एकीचा चेहरा व दुसरीचा गळा हा नित्याचा व्यवहार झाला. इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा स्वर कितीतरी चेहऱ्यांवर बसला आणि तो खोटा आहे असे कोणास वाटले नाही. कारण पडद्यामागचा करार सर्वांना ठाऊक होता. आम्हांस आठवते ती ‘महल’ची कथा. १९४९ साली त्या चित्रपटातील गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी ‘ही गाते कोण?’ असे विचारून रेडिओला भंडावून सोडले, तेव्हा खरे नाव सांगावे लागले. आमच्या मते असत्य पडद्यावर नव्हते, ते तबकडीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर होते. ओठ हलविणारी गात नाही, याला कोणाची हरकत नव्हती. गाणारी कोण आहे हे लपविले गेले, तेथे श्रोत्यांनी हिशेब मागितला.

आता त्या अर्ध्या सेकंदाचा निवाडा करता येईल असे वाटते. हिंगोट फुटल्याचा आवाज त्याच हिंगोटाच्या उजेडाखाली आणून ठेवला, तर प्रेक्षकाची उभे राहण्याची जागा बदलली. कोणी काय केले हे बदलले नाही. ही मुभा आम्ही संकलकाला खुशाल देऊ. पण रेकॉर्डरच्या त्या दोन तासांत कोठे तरी एक किंकाळी आहे, आणि तिच्या पाठोपाठ कोणी तरी माळवीत ओरडतो आहे की याने जाणूनबुजून मारले. ‘याने’ म्हणजे कोणी, हे ध्वनीत नाही. फोल्डरमध्ये एका फोनची फाईल आहे, तीत रुणजीचा एक पोरगा हिंगोट सोडताना स्वच्छ दिसतो. वेळ जवळपासची वाटते. घड्याळ बिघडलेले आहे. आलेख ‘बहुधा’ म्हणतो. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले, आणि काय सांगावे, अगदी बसले! त्या क्षणी संकलकाने एका मुलावर आरोप ठेवलेला असतो. त्याने खोटे चित्र बनविले नाही, खोटा ध्वनीही बनविला नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक ‘आणि’ तेवढा घातला, आणि तो ‘आणि’ सर्वस्वी त्याचा स्वतःचा आहे.

यावर व्यवसायातील मंडळींचा आक्षेप असा असतो की, प्रत्येक जोडावर टीप लिहीत बसले तर चित्रपट व्हावयाचा नाही, पंचनामा होईल. आक्षेप पोकळ नाही. किंकाळी खरी होती, मार खरा होता, त्या खेळातील क्रौर्यही खरे आहे. मग ते प्रेक्षकाच्या काळजाला भिडविण्यासाठी एक चेहरा घेतला तर बिघडले कोठे? बिघडते ते एवढेच की तो चेहरा उद्या बाजारात भाजी घ्यावयास जाणार आहे. लहान गावात माहितीपट संपत नाही. आम्ही तर असे सुचवू की ज्या ध्वनीला हक्काचे चित्र सापडत नाही, तो अंधारावर किंवा कोणाचेही तोंड न दिसणाऱ्या दूरच्या दृश्यावर ठेवावा, आणि मूळ फायली व जोडाची टिपणे जपून ठेवावीत: हा जोड टाळीवर केला, हा आलेखावर, हा निव्वळ अंदाजाने. कीर्तनकारसुद्धा आख्यान रंगविताना पदरचे घालतो, पण मूळ अभंगाचा आधार विचारला तर त्याला तो दाखविता येतो.

खरी कठीण जागा मात्र साक्ष आणि कथा यांच्या मधोमध, आपल्या घरांत आहे. ज्या थोड्या मराठी घरांत पूर्वी ८ मिलिमीटरचा कॅमेरा होता, तेथील मुकी चित्रणे आता संगणकावर उतरविली जात आहेत, आणि त्याच कपाटातून कॅसेटाही निघत आहेत. आमच्या परिचयाच्या एका घरी साठीच्या दशकातले मुलीच्या लग्नाचे असे चित्रण आहे. आजी जात्यावर हळद दळते आहे, शेजारी नवरी मुलगी बसलेली, आणि आजीचे ओठ हलताना दिसतात. कॅसेट वीस वर्षांनंतरची. तीत आजीच्या ओव्या आहेत. नातवाने एक ओवी त्या चित्रावर बसविली. दोन-तीन ठिकाणी तर शब्द ओठांवर असा बसला की घरातील सर्वांचे डोळे भरून आले. आमच्या वरच्या कसोटीवर यात दोष निघत नाही. गळा तिचाच, जाते तिचेच, आणि दळताना ती ओव्या म्हणत असे हे सगळ्यांना माहीत.

त्या चित्रणातली नवरी म्हणजे आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्या. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, “आई तेव्हा गात नव्हती रे, माझ्याशी बोलत होती.” काय बोलत होती ते त्यांना नीट आठवत नाही, सासरी हात राखून काम कर, असे काहीसे होते. आता मात्र ते चित्र समोर आले की त्यांनाही ओवीच ऐकू येते. त्यांच्या सांगण्यावरून नातवाने त्यांच्यासाठी वेगळी प्रत करून दिली. तीत जात्याचा भाग मुकाच ठेवला आहे. बाकीच्यांच्या प्रतींत ओवी आहे, आणि ती काढावी असे घरात दुसऱ्या कोणास वाटत नाही.